ओल्या विटेवरचं नाव

गावाबाहेरच्या वीटभट्टीवर शाळाबाह्य मुलांची नोंद करायला गेले होते. उन्हात वाळणाऱ्या कच्च्या विटांपैकी एकीवर काडीनं नाव कोरलेलं दिसलं, सुनंदा. अक्षर वळणदार होतं.

"कुणी लिहिलं हे?"

विटा उलटवणारी एक मुलगी उभी राहिली. चिखलाचे हात तिनं ओढणीला पुसले. "मीच, बाई. सातवीपर्यंत शिकले. दर दिवाळीनंतर आईबापासंग भट्टीवर यावं लागतं, म्हणून शाळेनं नाव कमी केलं."

मी वय विचारलं. पंधरा. माझ्या तक्त्यातला रकाना चौदापर्यंतच होता. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी शाळाबाह्यसुद्धा नाही?"

त्या प्रश्नानं अंगाची लाही झाली. भट्टीमालकाला ही पोर कामापुरती मोठी वाटते, स्थळ बघणाऱ्यांना लग्नापुरती मोठी वाटते. निदान शाळेला तरी ती लहान वाटायला हवी होती. आम्ही मात्र तिचं वय वाढायची वाट पाहतो, म्हणजे आमचा आकडा आपोआप कमी होतो.

मी तिचं नाव तक्त्याच्या समासात लिहिलं. मुख्याध्यापकांनी त्यावर रेघ मारली. "बाई, नियमात बसत नाही. उगाच वरून विचारणा होईल."

"होऊ दे की, सर," मी म्हणाले. पण तेवढंच म्हणाले.

अहवाल गेला. गावात एकही मूल शाळाबाह्य नाही, असं त्यात लिहिलं आहे. खाली माझी सही आहे.