कधी न सुकणारी माळ

लग्न होऊन कोकणातून अकोल्यात आले तेव्हा माझी शाळा सातवीतच सुटलेली. जुन्या शहरातलं भिक्षुकाचं घर, पण कमी शिकले म्हणून कुणी मला एक शब्द ऐकवला नाही. उलट सासूबाई रोज संध्याकाळी पोथी माझ्याकडूनच वाचून घेत. ते उपकार मनावर होते, म्हणून त्यांच्यापुढे तोंड उघडायची मला फार धास्ती वाटे.

साठ सालानंतर कधीतरी बाजारात प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आल्या. हातगाडीवाला ओरडे, "लो बाई, जिंदगीभर नहीं सूखेगी!" खरंच बोलत होता मेला. आमच्याकडच्या उन्हात झेंडू दुपारपर्यंत माना टाकतो. सासूबाईंनी हौसेनं लाल माळ आणून देवाला घातली. वर्षभरात तिचा रंग उडाला.

"निर्माल्य झालं. मोर्णा नदीत सोडून ये," त्या म्हणाल्या.

"आई, हे कुजायचं नाही."

"मंग देवाच्या अंगावरची माळ उकिरड्यावर फेकू काय? वाह्यत्या पान्यात सोडलं म्हंजे गेलं. कावून जीव टांगून राहिली तू?"

शेवटी त्याच जाऊन सोडून आल्या, आणि दुसरी माळ देवावर चढली.

पाणी काही ठेवून घेत नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या गावी नारळी पौर्णिमेला दर्याला दिलेला नारळ भरतीबरोबर वाळूवर परत येई, आणि आम्ही पोरं तो फोडून खात असू. नारळ खाता तरी येतो.

वैशाखात मोर्णा आटली. घरची विहीर तळाला गेली की आम्ही बायका नदीच्या वाळूत झिरा उकरायचो आणि त्यात साचलेलं पाणी वाटी-वाटीनं घागरीत भरायचो. शेजारच्या काकू एकदम ओरडल्या, "अवं, हे पाह्य! माह्या नातवाच्या घशात गेलं असतं म्हंजे? कोन्या भक्तानं टाकलं व हे?"

वाटीत लाल पाकळ्यांचे तुकडे होते. उन्हानं कडक झालेले, चिमटीत धरले की चुरा. आणखी उकरलं तर पिवळे, निळे. अख्ख्या गल्लीचे देव त्या वाळूत सापडले असते. त्याच झिऱ्याचं पाणी मी माझ्या तान्ह्या मुलीला पाजत होते.

घरी आले आणि वाटी सासूबाईंसमोर आदळली. "देवानं परत पाठवलंय. आता हे पाणी नातीला तुम्हीच पाजा!"

त्यांनी वाटीतला लाल तुकडा चिमटीत उचलून पाहिला. "लय तिखट झाली वं तू," एवढंच म्हणाल्या. मग उठून देवावरची नवी माळ काढली आणि जुन्या डब्यात कोंबली.

"गल्लीत सांगा ना, आई. तुमचं ऐकतात."

"लोकाच्या देवाचं आपन काय सांगावं?"

तो राग अजून गिळला जात नाही. एक घर थांबलं, गल्ली सोडतच राहिली. पावसाळ्यात मोर्णेचं सगळं पूर्णेत, पूर्णेचं तापीत. आणि तापी कुठं जाते, तेवढा भूगोल सातवीपर्यंत झाला होता.

परवा माहेरी किनाऱ्यावर बसले होते. भरतीच्या रेघेवर टोपणं, दोऱ्या, रंगीत चुरा. भाचीची मुलगी तो चुरा शिंपल्यांसारखा ओंजळीत गोळा करत होती.

"टाक आधी ते!" मी खेकसले.

"खंय टाकू गो आजी?" असं विचारून ती पाण्याकडे वळली, आणि मी अशी किंचाळले की पोर रडायलाच लागली.