वाट बघायची

माझ्या बायकोच्या, सुमतीच्या तेराव्याला तिचा धाकटा भाऊ जेवायला बसला होता. जिलेबीचा पाक त्याच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता आणि तो शेजाऱ्यांना सांगत होता, "ताई फार लाड करायची माझे. मीपण सारखा यायचो."

सध्या मी पुस्तकावरून नेपाळी शिकतो आहे. त्यात 'जान्थ्यो' म्हणजे जायचा, 'खान्थ्यो' म्हणजे खायचा. आपल्यासारखंच तिथेही एका शब्दात वर्षानुवर्षांची सवय मावते. माणूस गेलं की हे शब्द कुणालाही फुकट मिळतात. जो कधी फिरकला नाही, तोही ते तोंडात घोळवत बसतो, कारण खोडून काढायला ते माणूस उरलेलं नसतं.

"भाऊबीजेला तर मी येईपर्यंत जेवायची नाही," बोटं चाटत तो म्हणाला. "वाट बघत बसायची. हो ना भावजी?"

एवढं एकच खरं होतं.

"हो," मी म्हणालो. "निरांजन विझेपर्यंत बसायची. या दिवाळीलाही बसली होती."

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि जिलेबी वाढणाऱ्यापुढे ताट सरकवलं.