कपाटात ठेवलेली जाळी

कारखान्यात त्यांना सगळे पंचवीससाहेब म्हणत. हुद्दा सुरक्षा अधिकाऱ्याचा. धोका दिसला की शक्यतेला पाचपैकी गुण द्यायचे, गंभीरतेला पाचपैकी द्यायचे आणि गुणाकार करायचा. पंचवीस आले की साहेब कंबर कसून उठायचे. घरच्या कुकरला त्यांनी बारा दिले होते, सासूबाईंच्या मुक्कामाला वीस. आता बोला!

त्यांची बायको त्याच कारखान्यात तीन नंबरच्या प्रेसवर होती. पत्रा सरकवायचा, बटण दाबायचं, की साचा धाडकन खाली. हात आत जाऊ नये म्हणून समोर जाळी हवी, ती नव्हती. सहा महिने तिने नवऱ्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे जाळी आली. नवी कोरी, पिवळीधमक, दृष्ट लागावी अशी.

साहेबांनी लगेच तक्ता भरला. प्रेसवर लावली तर जाळीला पोचा पडण्याची शक्यता पाच. पोचा सरकारी तपासनिसाला दिसला तर गंभीरता पाच. पंचवीस! त्यांनी जाळी फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कुलूप ठोकलं.

"अहो, आणि माझा हात?" बायकोने विचारलं.

साहेबांनी तोही तक्ता इमानदारीत भरला. अकरा वर्षांत ओरखडा नाही, म्हणजे शक्यता तीन. गंभीरता पाच. "पंधरा," ते म्हणाले. "जाळीपेक्षा दहा कमी. काळजी करू नकोस."

बायकोने आधी कुलपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. शहाण्या माणसाला तिथेच घाम फुटला असता.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. साहेब संध्याकाळी घरी आले, तर तिचा उजवा हात फडक्यात गच्च गुंडाळलेला.

"लागलं का गं?" ते चपलांसकट आत धावले.

"छे! चांगली वस्तू आहे. वापरली तर खराब व्हायची. म्हणून नीट ठेवलीय."

तीन दिवस हात फडक्यातच. साहेबांनी भांडी घासली, भाजी चिरली, भाजीबरोबर बोटही चिरलं. "शक्यता किती धरली होती?" बायकोने बसल्या जागेवरून विचारलं.

चौथ्या दिवशी सकाळी ते तिची वेणी घालायला बसले. नुसता गुंता झाला. तिने सवयीने हात मागे नेला आणि ते गुंडाळलेलं बोथट टोक त्यांच्या गालाला लागलं. बोटं नाहीत, नुसतं फडकं. साहेबांना एकदम रडूच कोसळलं.

"सोड गं ते फडकं," ते म्हणाले.

"आधी कपाट उघडा."

त्याच दिवशी जाळी प्रेसवर चढली. आठव्या दिवशी साचा फुटला, त्याचा तुकडा उडाला आणि जाळीवर आदळला. बायको दोन्ही हात पुन्हा पुन्हा उलटेसुलटे करून बघत राहिली.

तपासनीस नेमका त्याच आठवड्यात आला. "नव्या जाळीला एवढा मोठा पोचा? कारण लिहून द्या."

साहेबांनी लिहिलं: जाळी नसती तर हा पोचा माझ्या बायकोच्या मनगटाला पडला असता.

तपासनिसाने कागद उलटून पाहिला. "शक्यता, गंभीरता, दोन्ही रकाने कोरे? गुण कुठायत?"

"ते आता मला देता येत नाहीत," पंचवीससाहेब म्हणाले.