जोसेफच्या हातातला प्याला

"मास्टर, जोसेफ मफी." मनामाच्या हूरा भागातील माझ्या टायपिंगच्या दुकानाच्या दारात उभे राहून गल्लीतल्या हॉटेलच्या एका नेपाळी सुरक्षारक्षकाने एवढेच सांगितले. हा अरबी शब्द इथे आखातात आपण दिवसभर ऐकत असतो. साखर मफी, पार्किंग मफी, साहेब आज मफी... नाही, संपले, मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणूसच संपला, या अर्थाने मी तो कधी ऐकला नव्हता. एका गृहस्थांचा व्हिसाचा अर्ज मी तपासत होतो. जोसेफ आज ड्यूटीवर नाही असे हा सांगत असावा, असे समजून मी मान वर न करताच म्हणालो, "मग रूमवर असेल." त्यावर तो म्हणाला, "रूम में ही है, मास्टर. उठता नहीं है."

जोसेफ केनियाचा, तिकडच्या मोठ्या सरोवराकाठच्या एका खेड्यातला. आमच्याच गल्लीतील हॉटेलच्या दाराशी तो सुरक्षारक्षक होता. हृदयविकाराने झोपेतच गेला, असे डॉक्टरांनी सांगितले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्याचा देह मायदेशी पाठवण्यासंबंधीचा अर्ज माझ्याच हातचा होता. माझे शालेय शिक्षण नववीपलीकडे गेले नाही, हे मी लपवत नाही. परंतु मोठमोठ्या कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी माझा मसुदा वाचून 'हा कोणी लिहिला?' असे विचारल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात आले आहेत. तरीही त्या दिवशी दोन ओळींच्या पुढे लेखणी सरकेना. एरवी अर्ज लिहिताना जोसेफ माझ्या मागच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला असे. मला तो गमतीने 'लॉयर' म्हणायचा. अधूनमधून म्हणे, "लॉयर, एवढं लांब लिहिलंस तर साहेब वाचेपर्यंत रिटायर होईल." आमचे बोलणे मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चाले. वाचकांच्या सोयीसाठी ते मी मराठीत देत आहे.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. मनामातील चर्चच्या आवारात शुक्रवारी निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्यांना आळीपाळीने जागा मिळते. मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, आफ्रिकन... आणि दुपारच्या उन्हात मागचा छोटा हॉल आम्हाला. आफ्रिकन बांधवांची उपासना सकाळी असे, आणि नेमकी तेव्हाच जोसेफची शिफ्ट. म्हणून तो आमच्याकडे येऊ लागला. पहिल्या शुक्रवारी हॉटेलच्या गणवेशात, दार भरून टाकणारा तो उंच, काळा माणूस आत आला तेव्हा आमचे भालेरावसाहेब चटकन उठले आणि खिशातून गाडीची किल्ली काढून म्हणाले, "सॉरी सॉरी, टू मिनिट्स, आय विल मूव्ह." साहेब एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, सनद नावाच्या उपनगरात राहतात, मंडळीच्या कमिटीचे चिटणीसही तेच. आवारातील पहारेकरी गाडी काढायला सांगायला आला, असे त्यांना वाटले होते. जोसेफ नम्रपणे म्हणाला, "गाडी राहू द्या, सर. मी देवाकडे आलोय." सगळे हसले, तोही हसला आणि शेवटच्या रांगेत बसला. मराठीचे अक्षरही त्याला येत नव्हते. "देवाला सगळ्या भाषा येतात," तो मला नंतर म्हणाला, "माझ्या सुपरवायझरला एकच येते. म्हणून मी देवाकडे ॲडजस्ट करतो."

जोसेफ येऊ लागल्यावर प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, पहिला शुक्रवार आला. आमच्या मंडळीत सर्वांना एकच प्याला असतो. माणसे रांगेने पुढे जातात. पाळकसाहेब प्याला देतात, परत घेतात, रुमालाने कड पुसतात आणि पुढच्याला देतात. जोसेफच्या गावच्या चर्चमधली रीत वेगळी होती. तिथे जो पितो तोच वळून मागच्याच्या हातात प्याला देतो आणि त्याचे नाव घेऊन 'हे तुझ्यासाठी' असे म्हणतो. सवयीने जोसेफ प्यायला, वळला आणि दोन्ही हातांनी प्याला पुढे धरला. मागे भालेरावसाहेब होते. ते एक पाऊल मागे सरले. त्यांच्या मागच्या बाईंनी लेकराला कडेवर घेतले आणि "याला जरा बाहेर नेते" असे म्हणत त्या निघून गेल्या. प्याला तसाच हवेत राहिला... शेवटी पाळकसाहेबांनी तो घेतला आणि कड पुसली. त्या दिवशी ती जरा जास्त वेळ पुसली गेली.

पुढच्या वेळेपासून जोसेफ आपण होऊन सर्वांत शेवटी जाऊ लागला. तरीही पिऊन झाल्यावर तो वळत असे. मागे कोणी नसे. मग हसून तो प्याला पाळकसाहेबांकडे देई. मी एकदा दुकानात त्याला विचारले, "शेवटी का जातोस?" तो म्हणाला, "हॉटेलात मी दाराशीच उभा असतो. सगळे माझ्यासमोरून आत जातात. त्याचं मला काही नाही, ते पोटासाठी. पण चर्चमध्ये मी दाराशी उभा राहायला येत नाही, लॉयर. माझ्यानंतर कोणीतरी प्यावं, एवढंच मला पाहायचं आहे."

तेव्हा मी त्याला माझ्या आजोबांविषयी सांगितले. प्रवरेच्या काठी आमचे गाव. आजोबांच्या तरुणपणी गावातील विहिरीवर आमच्या माणसांनी ओंजळ धरायची आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचे. भांड्याला हात लागता कामा नये. आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण बाप्तिस्म्याविषयी ते फारसे बोलत नसत. बोलत ते पहिल्या प्रभुभोजनाविषयी. "माझ्या आधी पाटलाच्या भावकीतला एक जण प्याला. मग मी प्यालो. आणि माझ्यानंतर गोरा साहेब प्याला... माझ्यानंतर!" इथे ते थांबत. जोसेफने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुझ्या आजोबांच्या मागे माणूस होता."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भालेरावसाहेब माझ्या दुकानात आले. कमिटीपुढे अर्ज ठेवायचा होता. प्रभुभोजनासाठी प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास असावा, अशी विनंती. "तुमच्यासारखा मसुदा कोण करणार?" ते म्हणाले, आणि ते खरेच होते. मी विचारले, "कारण काय नमूद करू?" "हायजीन लिहा." "साहेब, हायजीन गेल्या वर्षी नव्हतं का?" ते चिडले. "अहो, तुम्ही अर्ज लिहिता की उलटतपासणी घेता?" ज्या अर्जातील कारण खोटे आहे तो मी लिहीत नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम आहे आणि तो मी त्यांना ऐकवला. त्यांनी अर्ज दुसरीकडून करून घेतला. त्याचे मराठी सामान्य दर्जाचे होते.

उपासना संपल्यावर त्या अर्जावर मंडळीत चर्चा झाली. जोसेफ मागे बसलेलाच होता. "तो बसलाय की," असे कोणीतरी म्हणाले, तर दुसऱ्याने उत्तर दिले, "त्याला काय कळतंय!" सर्दी, खोकला, मुलांची तब्येत, असे सर्व मुद्दे निघाले. एक नाव मात्र कोणीच घेतले नाही. बोलणे संपत आले तेव्हा जोसेफ उभा राहिला. त्याने पाळकसाहेबांकडे परवानगी मागितली आणि इंग्रजीत, हळूहळू बोलला. "तुम्ही ग्लास म्हणता तेव्हा माझ्याकडे बघता. एवढं मला कळतं. ग्लास आणा, मी त्यातून पिईन, मी कुठे जाणार नाही. पण ते माझ्यासाठी आणले असं लिहा. आजारासाठी लिहू नका. मी आजारी नाही. मी काळा आहे, आणि देवाने मला तसं केलं तेव्हा त्याचा हात चुकला नव्हता." एवढे बोलून तो बसला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. अर्ज मंजूर झाला नाही, नामंजूरही झाला नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मी जोसेफच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझी पत्नी शांता माझ्या मागे आली. मी तिच्याकडे पाहिले तशी ती पुटपुटली, "अहो, बघता काय? तुम्हाला मागे टाकून मी पुढे जाऊ का?" जोसेफ प्यायला, वळला, माझे नाव घेतले आणि प्याला माझ्या हातात दिला. मी प्यालो आणि शांताला दिला. पाळकसाहेब रुमाल हातात धरून नुसते पाहत राहिले. बाहेर आल्यावर मी काहीशा अभिमानाने म्हणालो, "झालं ना तुझ्या मनासारखं? दोन माणसं प्यायली." जोसेफ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लॉयर, शास्त्र वाच. नवरा-बायको एक देह असतात. म्हणजे एकच." शांता इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तो शांतपणे म्हणाला, "पण एकही पुष्कळ आहे." असे तो म्हणाला खरा... पण त्याचे डोळे तेव्हा हॉलच्या दाराकडे होते, जिथून बाकीचे लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले होते.

नंतरच्या काही महिन्यांत आमची रांग वाढली नाही. मध्येच सखीरला मोटारींच्या शर्यती आल्या, हॉटेल भरले, त्याला सुट्टी मिळेना. आणि मग तो नेपाळी मुलगा माझ्या दारात आला.

जोसेफ गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला त्याचे आफ्रिकन बंधुभगिनी आमच्या हॉलमध्ये आले. पाळकसाहेबांनीच त्यांना बोलावले होते, आणि पाहुणे म्हणून आधी पुढे जाण्याची विनंती केली. ते सर्व प्यायले. प्रत्येकाने वळून मागच्याला प्याला दिला, मागच्याचे नाव घेतले. त्यांच्यातील शेवटच्या भगिनीने तो माझ्या हातात दिला. तिला माझे नाव ठाऊक नव्हते, म्हणून ती म्हणाली, "जोसेफचा लॉयर, हे तुझ्यासाठी." मी प्यालो. शांता प्यायली. तिने वळून पाहिले आणि ती थबकली. मागे भालेरावसाहेब उभे होते. आमच्या मंडळीतील बाकी सगळे अजून खुर्च्यांवरच होते.

"भालेराव दादा," शांता म्हणाली, "हे तुमच्यासाठी."

त्यांनी दोन्ही हातांनी प्याला घेतला. प्यायले. आणि समोर चाललेली रीत पाहून तेही मागे वळले, प्याला पुढे धरून. मागे कोणी नव्हते. पाळकसाहेब जवळच होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. रिकाम्या जागेकडे तोंड करून, प्याला तसाच धरून, भालेरावसाहेब उभे राहिले... खुर्च्यांवर बसलेल्या आपल्याच माणसांकडे पाहत.