दगूबाईचा हुंकार

“गोष्टमा मरेल मानूस परत ऊना, की ती गोष्टच मरी जास.”

हे दगूबाई एकदाच म्हणाली होती, मिरचीचे देठ खुडता खुडता, टीव्हीकडे पाठ करून. टीव्हीकडे तोंड करून बसायचं तिला काही कारणच नव्हतं. काळ्या मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. खोलीतल्या बाकीच्या बायका तिच्या बोलण्यावर हसल्या. जिचं घर होतं ती रंजनाबाईही हसली. पुढं तिला ते वाक्य आठवलं, तेव्हा हसायला खोलीत कोणी उरलं नव्हतं.

नंदुरबारजवळच्या रनाळ्यातल्या त्या पुढच्या खोलीत एके काळी बारा-तेरा बायका बसत. रंजनाबाईचा नवरा हेमकांत वारला, मुलगा धीरज सुरतला कापडाच्या मिलमध्ये लागला, आणि जाताना आईला घर खायला उठू नये म्हणून मोठा टीव्ही भिंतीला लावून गेला. त्याच महिन्यात ‘नीलगड’ ही मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी साडेसातला. पाण्याखाली बुडालेला गड, त्याची राजकन्या, गडाची सात कुलपं, जिभेवर विंचू बाळगणारी चेटकीण. गल्लीतल्या बायका भाकरी उरकून येत. येताना व्यापाऱ्याकडून खुडायला आणलेली मिरची टोपलीत घेऊन येत. डोळे पडद्यावर, हात टोपलीत. खोलीत ठसका कोंडून राही आणि चेटकीण हसली की सगळ्या एकदम खोकत.

पहिल्या वर्षी घोडे राखणारा मुका भैरो मेला. एकटा मेला, गडाचा दरवाजा पाठीनं दाबून धरून, अंगात बाण घुसत असताना. त्या संध्याकाळी सगळ्या रडल्या. मिरचीच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून पाणी तसंच हनुवटीवरून गळू दिलं. छबूबाई नाक ओढत म्हणाली, “आज मी काई खावाव नई.”

“तीन भाकरी खाई ऊनी तू,” तुळशीबाई म्हणाली.

“त्या तो मरानी आगोदर खाध्यात व!”

रडता रडता हसू फुटलं. दगूबाईनं तेवढ्यात विचारलं, “खरंच मरना का तो?”

“मरना व माय. डोयासमोर मरना,” रंजनाबाई म्हणाली.

“मग चांगली शे गोष्ट.”

दगूबाईला गोष्टीची पारख होती, कारण ती गोष्टीतच वाढली होती. तिचा बाप तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या केळीच्या बागा राखायचा. रात्रभर जागं राहायचं म्हणून तो मचाणावर बसून गोष्टी सांगे आणि सात वर्षांच्या दगूनं हुंकार द्यायचा असे. प्रत्येक वाक्यामागं ‘हं’. हुंकार म्हणजे गोष्टीचा श्वास, असं तो म्हणायचा. हुंकार तुटला की गोष्ट तिथं थांबली, आणि थांबलेली गोष्ट त्या तोंडानं पुन्हा सांगायची नाही. एकदा दगूला मधेच डुलकी लागली. गोष्टीतली एक बहीण भावाला शोधत जंगलात शिरली होती. सकाळी दगूनं पुढचं विचारलं, तर बापानं मान हलवली. सत्तरी उलटली तरी ती बहीण त्या जंगलातून बाहेर पडली की नाही, हे दगूबाईला ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन ती रनाळ्यात आली. नवऱ्याबरोबर लोकांच्या शेतात कापूस वेचला. एक मुलगा झाला, एक मुलगी. मुलगी सीमा एकोणिसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली. त्यानंतर दगूबाईनं तिचं नाव कधी घेतलं नाही. घरात फोटो नव्हता, नातवंडांना आत्या होती हेही माहीत नव्हतं. मग नवरा गेला, मग डोळे. मुलगा-सून वाईट नव्हते, पण त्यांच्या घरात दगूबाईशी बोलायला कोणाला सवड नव्हती. म्हणून ती भिंत चाचपत, काठी टेकत रोज साडेसातला रंजनाबाईकडे येई. पडद्यावर काय चाललंय ते रंजनाबाई सांगे.

“आते ती पानीमा उतरनी.”

“हं.”

“मशाल इझनी.”

“हं.”

चौथ्या वर्षी भैरो परत आला. पांढऱ्या धुरातून चालत आला आणि त्याला बोलताही येऊ लागलं होतं. मधल्या काळात तुळशीबाईचा नवरा उखा शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला होता. सुतक फिटल्यावर, दिवस बरा जावा म्हणून बायकांनीच तिला ओढून आणलं होतं. पडद्यावर भैरोची म्हातारी आई त्याच्या गळ्यात पडली, ढोल वाजले, फुलं पडली. तुळशीबाईनं टोपली उचलली.

“कोठे चालनी व?” छबूबाईनं विचारलं.

“तुमना टीव्हीमा सोय शे,” तुळशीबाई म्हणाली. “आमनाकडे नई.”

ती पुन्हा आली नाही. दगूबाई ते वाक्य बोलली ती त्याच संध्याकाळी, आणि बायका हसल्या ते बहुधा तुळशीबाईची रिकामी जागा दिसू नये म्हणून.

त्यानंतर ‘नीलगड’मध्ये कोणी मेलं म्हणजे गावाला गेल्यासारखं झालं. राजकन्या दरीत पडली, महिन्यानं उगवली. दरीत पडली ती तिची जुळी बहीण होती. सात कुलपं उघडून झाली, तर आठवं निघालं. मग एका सोमवारी पडद्यावर पाटी आली, ‘वीस वर्षांनंतर’. छबूबाई चष्मा सरसावून पुढं सरकली. “वीस वरीस गयात नि सासूना एक केस पिकना नई! कोनतं तेल लावस ती, इचार ना व रंजना.” त्या दिवशी खोलीत खूप हसणं झालं. पण ज्या हसण्यासाठी बायका येत होत्या तेही दोन-तीन आठवड्यांत विरलं. कोणाच्या सुनेनं मोबाइलवर दुसरं काही लावून दिलं, कोणाला गुडघ्यांनी धरलं. राजकन्या तिसऱ्यांदा मेली, तेव्हा खुडणारा एकही हात थांबला नाही. छबूबाईनं तर वरही पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तीही आली नाही.

शेवटी दोघीच राहिल्या. एक बघणारी, एक ऐकणारी. रंजनाबाई सवयीनं सतरंजी पूर्ण पसरायची आणि मग दोघींनी एकाच कोपऱ्यात बसायचं. उरलेली सतरंजी पडद्याच्या उजेडात निळी-जांभळी होत राही. रंजनाबाईला स्वतःला मालिकेचं काही उरलं नव्हतं. पण साडेसात वाजले की गल्लीतून काठीचा आवाज येई, आणि तो आवाज आला की दिवस संपला असं तिला मानता येई. तो आला नसता, तर दिवस कुठं संपवायचा ते तिला कळलं नसतं.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी टीव्ही लावला तर ‘नीलगड’च्या जागी भलतंच. माणसं झगमगीत कपडे घालून भजी तळत होती. तिनं धीरजला फोन लावला.

“बंद पडनी माय ती,” धीरज म्हणाला. मागं मिलची घरघर होती. “कोनी देखे नई.”

“आम्ही देखतस ना.”

“दोन जनीसवर टीव्ही चालस का?”

फोन ठेवला तोवर काठी ओट्याला लागली होती. दगूबाई आत आली, भिंतीला पाठ लावून बसली, टोपली मांडीजवळ ओढली. “लागनी का?”

रंजनाबाईनं आवाज बंद केला. “लागनी. पन आवाज बिघडना व माय आज. मीच सांगस.”

“सांग.”

काय सांगायचं, हे तिला माहीत नव्हतं. राजकन्येचा कंटाळा आला होता, भैरोचा राग. मग तिला मालिकेतली एक मुलगी आठवली, पाणक्याची. सहा वर्षं ती कोपऱ्यात हंडा घेऊन उभी असायची, तिला कधी एक वाक्य नव्हतं. रंजनाबाईनं तिला कोपऱ्यातून बाहेर काढलं. गड बुडायच्या आधीचा काळ, गडाला वेढा पडलाय, विहिरी आटल्यात, आणि ही पोर पहाटे चोरवाटेनं नदीवर जाते. हंडा भरते. परत येते.

“हं,” दगूबाई म्हणाली.

त्या ‘हं’मध्ये काही वेगळं होतं. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी दार आतून उघडावं तसं.

पुढं रोज तसंच झालं. टीव्ही मुका, भिंतीवर कोणी भजी तळतंय, कोणी नाचतंय, आणि रंजनाबाई त्या पोरीच्या पायाला काटे लावतेय, तिला थंडी वाजवतेय. दिवसभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिच्या डोक्यात ती चोरवाट असे. दगूबाईचा हुंकार कधी पटकन येई, कधी जड पावलानं. एकदा हसूनही आला. रंजनाबाईला वाटे, आपण फसवतोय. पण फसवणं थांबवलं तर काठी थांबेल.

एक दिवस पिठाच्या गिरणीत तुळशीबाई भेटली. डबा खाली ठेवत म्हणाली, “डोकरीले काय देखाडस व तू? ती मालिका कवय बंद पडनी.”

रंजनाबाईचा चेहरा उतरला. “तू सांगं का तिले?”

“काल सांगं ना. तर मालेच हसनी. बोलनी, माले मालूम शे. टीव्ही नई, रंजना सांगस.” तुळशीबाईनं पिठानं पांढरी झालेली बोटं पदराला पुसली. “बोलनी, बाप सांगे तसं सांगस.”

रंजनाबाई घरी आली ती हलकी होऊन आणि घाबरून. आता लपवायचं काही नव्हतं. आता फक्त गोष्ट होती, आणि ती तिच्या एकटीच्या हातात होती.

माघात ती पोर मेली. रंजनाबाईनं ठरवलं नव्हतं. सांगता सांगता असं झालं की वेढा घालणाऱ्यांना चोरवाट कळली, पोर वर चढत होती, दरवाजा दिसत होता, आणि तिच्या पाठीत काहीतरी लागलं. ती खाली बसली. हंडा आधी टेकवला, मग स्वतः टेकली. पाण्याचा थेंब सांडला नाही. दरवाजा उघडून लोक आले, तेव्हा पाणी होतं, पोर नव्हती.

हुंकार येईना. रंजनाबाई थांबली. मग खूप उशिरानं, पार तळातून, आला. “हं.”

आणि दगूबाई म्हणाली, “मन्ही सीमा बी रस्तामाच गयी. जीपमा. नंदुरबार दोन कोस ऱ्हायनं व्हतं.”

रंजनाबाईनं तिचा हात धरला. दोघींच्या हातांना मिरची होती, दोघींनी डोळे तसेच राहू दिले. दगूबाई बोलत राहिली. सीमाला लाल बांगड्या आवडत. सीमा भाकरी करपवायची आणि करपलेली स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची. जीपमध्ये तिनं पाणी मागितलं, तेव्हा सोबतची सुईण म्हणाली होती, देऊ नका. इतक्या वर्षांनी सीमा एका परक्या खोलीत, मुक्या टीव्हीच्या उजेडात थोडा वेळ येऊन बसली आणि गेली.

उठताना दगूबाई म्हणाली, “आते सरी जाई तुन्ही गोष्ट. दोन-तीन दिन. चांगली सरी.”

ती गेली, आणि रंजनाबाई सतरंजीवर तशीच बसून राहिली. दोन-तीन दिवसांत गोष्ट संपणार. मग साडेसातला काय? दुसरी गोष्ट तिच्याकडं नव्हती. हीच कुठून आली ते तिला माहीत नव्हतं. तिला ती रिकामी गल्ली ऐकू आली. मग सीमाच्या बांगड्या आठवल्या, ते न दिलेलं पाणी आठवलं, आणि तिला वाटलं, आपल्या हातात आहे. कोणाचं काय जातंय? एका म्हातारीला थोडं बरं वाटेल. गोष्टही पुढं जाईल. दया आली की भीती वाटली, हे तिला त्या वेळी वेगळं करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दार आधीच उघडून ठेवलं. दगूबाई आली, बसली, टोपली ओढली.

“पोरले नदीवर लई ग्यात,” रंजनाबाईनं सुरुवात केली.

“हं.”

“वाळूवर ठेवं. तिना बाप बाजूले बठना.”

“हं.”

“चांद उगना. नि बापनी त्याच हंडानं पानी तिना तोंडमा टाकं.” रंजनाबाईचा आवाज चढला. “नि माय, त्या पोरनं बोट हालनं.”

पडद्यावर कोणीतरी बक्षीस जिंकलं होतं, कागदाचे तुकडे उडत होते. रंजनाबाई थांबली. ‘हं’ आला नाही. तिला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल.

“बोट हालनं व. डोया उघडना. पोर उठी बठनी.”

दगूबाईच्या बोटांत एक मिरची होती. ती तिनं देठासकट टोपलीत परत ठेवली. टोपली हातानं दूर सारली. मग बाजूला चाचपून काठी शोधू लागली. काठी नेहमीच्या जागी होती, तरी तिला सापडायला वेळ लागला.

“थांब व माय,” रंजनाबाई घाईनं म्हणाली. “चुकनं मन्हं. ती नव्हती ती. ती दुसरी व्हती, तिनी जुळी बहीन—”

आणि स्वतःचे शब्द कानावर पडले तशी ती गप्प झाली.

दगूबाई भिंतीला धरून उठली. सतरंजीच्या रिकाम्या भागावरून चालत दारापर्यंत गेली, काठीनं उंबरा शोधला, आणि बाहेर पडली.