चावंडची फोडलेली वाट

गोठा झाडून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि मी गाईपुढे घास टाकत होते, तेवढ्यात वकिलांचा फोन आला. आपण जिंकलो. धाकट्या दिरांना आमच्या रानातून जायचा हक्क नाही, असा निकाल लागला होता. ऐकायला हे नव्हते. दावा चालू असतानाच गेले. मी उरलेला घास टाकला आणि जेसीबीवाल्याला सोमवारी बोलावलं. वाटेवर आडवा चर खणायचा होता. दिरांचा कांदा काढणीला आलाय आणि ट्रॅक्टरला दुसरी वाट नाही, हे मला माहीत होतं.

निकालानंतर चावंड किल्ला चढायचा, असं ह्यांनी ठरवलं होतं. म्हणून रविवारी एकटीच निघाले.

पिंपळवंडीहून नारायणगाव, मग जुन्नर, एसटीने. पुढे चावंडवाडीला गाड्या कमी, मला जीप मिळाली. पाणी खालूनच न्यावं. जेवण पायथ्याच्या घरांत आधी सांगून ठेवावं. मी हिराबाईंकडे सांगितलं, तर गडावरच्या देवीला नारळ द्यायचाच आहे म्हणून त्या सोबत आल्या.

अर्ध्यावर पायऱ्या संपतात आणि उघडा कडा लागतो. आता रेलिंग आहे, तरी मी तिथे खाली बसले.

"गुडघं एसटीत इसरला का ताई?" हिराबाई म्हणाल्या.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सुरुंग लावून इथल्या पायऱ्या उडवल्या. गड हातात आलेला होता, तरीही. महायुद्धांबद्दल मी बरंच वाचलंय. पहिल्या युद्धानंतर हरलेल्या जर्मनीला जिंकणाऱ्यांनी पिळून काढलं, दुसऱ्यानंतर निदान अर्ध्या जर्मनीला उभं राहायला हात दिला. वाचताना सगळं लांबचं वाटायचं.

हिराबाईंची आजेसासू पोर पाठीला बांधून, खडकात बोटं रुतवत देवीला चढायची.

"लढाई राजांची आन् सायबाची," त्या म्हणाल्या. "सायब गेला निघून. बिनवाटेचं आमी ऱ्हायलो."

वर नारळ वाढवला. खाली माणिकडोह धरणाचं पाणी दिसत होतं. ह्यांनी ते बराच वेळ बघितलं असतं. मी थोडा वेळ बघितलं. उतरून पिठलं आणि नाचणीची भाकरी खाल्ली. लई झकास होती.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दीर आणि जाऊ कांद्याच्या गोण्या डोक्यावर घेऊन कालव्याच्या कडेकडेने चालले होते. चर अजून खणलाही नव्हता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी जेसीबी आला. मी त्याच्याकडून वाटेतले खड्डे बुजवून घेतले आणि दिरांना ट्रॅक्टर आणायला सांगितलं.