हॅरिस पार्कचं गुलाबी टाइल्सचं युनिट

त्या वर्षी इथे परदेशात, आमच्या शहराच्या हॅरिस पार्क उपनगरात जिकडे बघावं तिकडे आपल्याकडून आलेले विद्यार्थी. स्टेशनबाहेर बॅगा ओढणारे, मिठाईच्या दुकानात काम विचारणारे, एकेका खोलीसाठी दारोदार फिरणारे. ते बघून एकदा मी नवऱ्याला म्हटलं, "आपण इथे एक जुनं युनिट घेऊ या. भाड्याने द्यायला."

"आपण स्वतःच भाड्याने राहतो," तो म्हणाला.

"म्हणूनच. आपण राहतो त्या गिरावीनमध्ये घर घेणं जमत नाही, हे जमेल."

आठवडाभर त्याने आढेवेढे घेतले. मग माझ्याआधी तोच विकाऊ घरं बघायच्या शनिवारच्या इन्स्पेक्शनला तयार होऊन बसायला लागला. बरीच युनिट्स, म्हणजे आपले फ्लॅट, पाहिल्यावर एक सापडलं. लाल विटांची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, बाथरूमला गुलाबी टाइल्स. पण भिंतींना ओल नव्हती आणि बेडरूममध्ये सकाळचं ऊन येत होतं. नवऱ्याने सगळे नळ सोडून पाहिले. मी तोवर मनात पडदे लावूनही टाकले होते.

ऑक्शन बिल्डिंगच्या पुढच्या हिरवळीवर होतं. बोली मी लावायची असं ठरलं, कारण नवऱ्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा माझे कान तापले. दुसऱ्यांदा मजा यायला लागली. एक सुटातला माणूस शेवटपर्यंत बोली चढवत राहिला आणि मग मान हलवून मागे सरला. मी उडी मारणार तेवढ्यात कळलं, सगळ्यात मोठी बोली आमची असली तरी मालकिणीला ती कमी वाटते. आता आत जाऊन बोलायचं.

मालकीण लेबनॉनहून तरुणपणी आलेली आजी होती. किचनमध्ये बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. एजंट आकडे बोलत होता, ती ऐकत नव्हती. मी विचारलं, "तुम्ही इथून कुठे जाणार?"

"मुलीकडे. पण ती माझ्यासाठी मागे खोली बांधतेय, ती पुरी झालेली नाही. लोकांना घर लगेच हवं असतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"खोली होईपर्यंत तुम्ही इथेच राहा," मी म्हटलं. "ताबा आम्ही नंतर घेऊ."

आजी एजंटला म्हणाली, "यांनाच दे. यांनी म्हटलेल्या भावात." आम्ही लगेच सह्या केल्या. बाहेर आल्यावर नवरा मला म्हणाला, "तू काय बोललीस ते तुला कळलं का? एका वाक्यात भाव जमवलास!" आणि भर रस्त्यात हसत सुटला.

आजीची खोली झाली, ताबा मिळाला. आम्ही रिकाम्या हॉलमध्ये बुद्धवंदना घेतली आणि त्याच आर्वोला, म्हणजे दुपारी, युनिट दाखवायला उघडलं. रांग जिन्यावरून खाली गेटपर्यंत गेली. मी नवऱ्याला फोनवर सांगत होते, "अरे, काय करून राहिला तू? पार्किंगचं राहू दे, वर ये लवकर," तेवढ्यात रांगेतली एक मुलगी पुढे झाली.

"ताई, तुम्ही नागपूरच्या का?"

"हो. कसं ओळखलंस?"

"बोलण्यावरून. जयभीम, ताई. आम्ही तिघी आहोत, एकाच युनीत शिकणाऱ्या. सध्या एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये राहतोय."

तिघींचे कागद नीट होते, पार्ट-टाइम नोकऱ्या होत्या. किल्ल्या त्यांनाच दिल्या. सामान टाकून आधी त्या खिडकीपाशी ओळीने उभ्या राहिल्या आणि कुणाचा पलंग कुठे यावरून हसतहसत भांडायला लागल्या. मग एकीने बॅगेतून घरून आणलेली बुद्धाची फ्रेम काढली.

"ताई, एक खिळा ठोकला तर चालेल का?"

आमच्या गिरावीनच्या मालकाने आम्हाला कधी एकही खिळा ठोकू दिला नव्हता.

"दोन ठोका," मी म्हटलं, आणि नवरा हातोडी आणायला गाडीकडे धावला.